जुन्या खेळण्यातील सूर

घरात निकामी पडलेले, हाती धरून खेळावयाचे व्हिडिओ गेमचे यंत्र भंगारवाल्यास द्यावे, की मुलांस? आमचे मत मुलांच्या बाजूचे आहे.

१९८९ साली निघालेल्या गेम बॉय या यंत्रात ध्वनीच्या चार वाहिन्या असतात. तिहींतून स्वर निघतात, चौथीतून खरखर; त्या खरखरीचाच ताल होतो. १९९८ साली एका जर्मन कलाविद्यार्थ्याने त्यासाठी नॅनोलूप नावाची कार्ट्रिज रचिली, आणि खेळण्याचे वाद्य झाले.

असे परिवर्तन आपणांस नवे नाही. कोकणातील मिरवणुकांत वाजणाऱ्या बेंजोचा पूर्वज जपानी आहे. १९१२ साली नागोया शहरी मोरिता गोरो यांनी तंतुवाद्यास टंकयंत्रासारख्या कळा बसवून तो घडविला. मिरजेचे आद्य सतारकार तर शिकलगार होते. शस्त्रांचे दिवस सरताच त्यांचे कसबी हात भोपळ्याच्या सतारीकडे वळले.

“यात अभ्यास बुडेल,” असे कित्येक पालक म्हणतील. परंतु कंपनसंख्या दुप्पट होताच तोच स्वर वरच्या सप्तकात जातो, हा पाठ केलेला नियम येथे कानांस पटतो. थळच्या खाऱ्या हवेने सेलखालचे पत्रे गंजतात. ते का गंजले हे शोधणे म्हणजे रसायनाचा धडाच होय.

मात्र सेल काढल्यावाचून व वडील माणूस जवळ असल्यावाचून यंत्र उघडू नये. तसेच या हौसेपायी नवे यंत्र विकत आणू नये. टाकाऊ वस्तूतून सूर काढण्यातच खरी विद्या आहे.