पुड्यावर नाव कुणाचं?

मंगळवार होता. गर्दीच्या दिवशी आम्ही तुळजापुरातली माणसं देवळाकडे सहसा फिरकत नाही. पण पुण्याची नणंद आली होती, तिला ओटी भरायची होती, म्हणून मीही सोबत गेले. दर्शन छान झालं. बाहेर पडल्यावर नेहमीची खरेदी सुरू झाली. हळद-कुंकू, कवड्यांची माळ, एक परडी आणि सोसायटीत वाटायला पेढ्यांचे पाच पुडे.

"वहिनी, हे इथलेच ना हो?" पुडा हातात घेऊन तिनं विचारलं. मी दुकानदाराकडे बघितलं. तो हसून म्हणाला, "माल बाहेरून येतो ताई. पण देवीच्या पायाशी आला की प्रसादच की!" पुड्यावर देवीचा फोटो होता, मोठ्या अक्षरात 'प्रसाद' असं लिहिलेलं होतं. पेढा कुणी केला, कधी केला, कशाचा केला, याबद्दल एक अक्षर नव्हतं. नणंदेनं सांगितले तेवढे पैसे दिले आणि आम्ही घरी आलो. घासाघीस? छे, प्रसादात कुणी घासाघीस करतं का!

आता खरं सांगते. त्याच्या दोनच दिवस आधी मागच्या आळीतल्या मावशी माझ्या दारात कुरडया घेऊन आल्या होत्या. पांढऱ्याशुभ्र, हलक्या, कडकडीत वाळलेल्या. त्यांनी भाव सांगितला आणि मी सवयीनं म्हणून गेले, "मावशी, किलोमागं वीस रुपये कमी करा की. घरच्याच तर आहेत!" त्या काही बोलल्या नाहीत. वीस रुपये कमी केले, पिशवी रिकामी केली आणि गेल्या.

'घरच्याच तर आहेत' हे माझंच वाक्य त्या पेढ्यांच्या पुड्यानं मला परत ऐकवलं.

मैत्रिणींनो, ज्यांनी कुरडया घातल्यात त्यांना सांगायला नकोच. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, नाहीतर वास मारतो. मग वाटायचे, चोथा पिळून पिळून सत्त्व काढायचं, ते रात्रभर खाली बसू द्यायचं, वरचं पाणी अलगद ओतून द्यायचं. पहाटे उठून चीक शिजवायचा. घोटताना खांदा भरून येतो आणि हात जरा थांबला की गाठ झालीच म्हणून समजा. ऊन चढायच्या आत सोऱ्यातून गच्चीवर कुरडया पडल्या पाहिजेत. दुपारी आभाळ भरून आलं की जीव खालीवर. एवढं करून ती बाई दारात येते, तेव्हा आपण गव्हाचा भाव मनात धरतो, गॅसचाही धरतो. तिच्या हाताचा धरत नाही. का? तर आपल्या स्वतःच्या हाताचा भाव आपल्याच घरात कधी कुणी धरला नाही, आपणही धरला नाही. 'गहू महागला' हे कारण आपल्याला पटतं. 'चार दिवस मोडले' हे कारण तिला सांगताच येत नाही.

पेढ्याचं तर आणखीच नवल. आपल्याच जिल्ह्यात, भूम तालुक्यात, कुंथलगिरी आहे. जैन बांधवांचं मोठं सिद्धक्षेत्र. आणि तितकंच नाव तिथल्या खव्याचं. पाऊस कमी, जमीन डोंगराळ, शेतीचा भरवसा नाही, तेव्हा जनावरांवर घर चालवणारी माणसं ही. दूध सकाळचं संध्याकाळपर्यंत टिकवणं मुश्कील, मग ते आटवायचं. कढईसमोर बसून उलथणं सतत फिरवत राहायचं, बुडाला लागू द्यायचं नाही. एक किलो खव्याला म्हशीचं चार-पाच लिटर दूध लागतं. २०२४ मध्ये या कुंथलगिरी खव्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वर्षी तुळजापूरच्या कवडीलाही मिळालं, आणि शेजारच्या लातूर जिल्ह्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला, बोरसुरीच्या तूरडाळीला आणि कास्तीच्या कोथिंबिरीलाही. म्हणजे त्या त्या भागात झालेल्या मालालाच ते नाव लावता येईल, दुसऱ्या कुणाला ते वापरता येणार नाही. एवढा मान मिळालेला खवा हाकेच्या अंतरावर असताना आपण देवीच्या दारात बिननावाचा पेढा विकत घेतो!

जरा हिशोब करून बघा. दूध लिटरला पन्नास रुपये धरा. किलोभर पेढ्यात सातशे ग्रॅम खवा आणि बाकी साखर धरली, तरी तीन लिटरच्या वर दूध गेलं. म्हणजे दीडशे-पावणेदोनशे रुपये दुधातच संपले. त्यावर साखर, जळण, मजुरी, खोका, दुकानदाराचा नफा. आता कुणी दोनशे रुपये किलोनं पेढा देत असेल, तर त्यात काय घातलं असेल हे विचारायला नको का? स्वस्त मिळाला म्हणून खूश होणाऱ्यांत मीही होते, म्हणून हे लिहिते आहे.

उरलेल्या दुधाची अशीच एक गोष्ट वाचनात आली, ती थेट आयर्लंडमधली. तिथं कॉर्क परगण्यात, समुद्रात घुसलेल्या डोंगराळ बेआरा भागात व्हेरोनिका स्टील नावाची बाई राहायची. १९७० च्या दशकात घरी गाय होती, दूध उरायला लागलं, म्हणून तिनं स्वयंपाकघरातच चीज करून बघायला सुरुवात केली. पहिले प्रयत्न बिघडले, पण तिनं सोडलं नाही. जमलं तेव्हा त्या चीजला आपल्या वाडीचंच नाव दिलं, मिलीन्स. तिच्या पाठोपाठ त्या भागातल्या आणखी शेतकरी बायका चीज करू लागल्या. डरस काय, गबीन काय, नावं बघावीत तर सगळी गावांची, वाड्यांची. त्याच परगण्यात मर्टल अॅलन या बाईनं १९६४ मध्ये आपल्या शेतावरच्या घरातच, बॅलिमलूला, जेवणघर सुरू केलं होतं. ताटात काय वाढायचं, तर आपल्या शेतातलं आणि आसपासच्या शेतकऱ्यांनी, कोळ्यांनी आणलेलं. मोठ्या हॉटेलात परदेशी पदार्थ म्हणजेच चांगले, असं मानायच्या काळात तिनं शेजाऱ्याचा माल पाहुण्यांपुढे अभिमानानं ठेवला. नंतर अशा छोट्या उत्पादकांची सगळ्या देशात वाहवा झाली. पण सुरुवात एकीच्या गायीनं आणि दुसरीच्या ताटानं केली.

आपल्याकडे अशा बायका नाहीत असं कुणी म्हणू नये. १९९३ च्या ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं गेली, गावंच्या गावं भुईसपाट झाली. घरं पुन्हा उभारायच्या कामात बायका पुढे आल्या, आणि त्यातूनच प्रेमा गोपालन यांची 'स्वयम् शिक्षण प्रयोग' ही संस्था इथं रुजली. पुढे दुष्काळामागून दुष्काळ आले, तेव्हा या संस्थेसोबत बायकांनी घरात मागणी केली की आम्हाला एक एकर तरी द्या, त्यात काय पेरायचं ते आम्ही ठरवू. आणि त्यांनी पेरलं काय? डाळी, भाजीपाला, धान्य. आधी घरच्या ताटात, मग उरलेलं बाजारात. आपल्या तुळजापूर तालुक्यातल्या गंधोऱ्याच्या गोदावरी डांगे याच कामातून उभ्या राहिल्या आणि गावोगावच्या बायकांना उभं करत गेल्या. २०१७ मध्ये संस्थेला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. हिंगळजवाडीच्या कमल कुंभार यांनी कोंबड्या पाळण्याच्या धंद्यात नाव काढलं आणि २०२२ च्या महिला दिनी राष्ट्रपती भवनात नारी शक्ती पुरस्कार घेतला. प्रेमाताई २०२२ मध्ये गेल्या, पण त्यांनी पेरलेलं गावोगाव उभं आहे.

पुरस्कार आले, फोटो छापून आले, आपण टाळ्याही वाजवल्या. पण किराणा भरायला निघालो की पाय वळतात ते चकचकीत पाकिटांकडे. परवाच एका ओळखीच्या घरी बघितलं, येसरसुद्धा विकतचं, दूरच्या कुठल्या शहरात भरलेलं! अगं, येसर म्हणजे आपल्या मराठवाड्याचा जीव. भाजलेली धान्यं, डाळी, धने-जिरे, काळा मसाला. पाव्हणा दारात आला की दोन चमचे कालवून आमटी तयार. ते करणाऱ्या चार तरी बायका तुमच्या गल्लीत असतील.

आता दुसरी बाजूही बोलायला हवी. घरगुती आहे म्हणजे चांगलंच असणार, हे मला मान्य नाही. बचत गटाच्या लोणच्याला बुरशी आलेली मी पाहिली आहे, एका वेळी तिखटजाळ आणि दुसऱ्या वेळी मिळमिळीत चटणीही खाल्ली आहे. गिऱ्हाईक एकदा कौतुकानं घेतं, दुसऱ्यांदा चवीनं घेतं. लिज्जत पापडाचंच बघा ना. १९५९ मध्ये मुंबईत गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले, ते सगळ्यांना पाठ आहे. पण पुढचं कुणी सांगत नाही. पीठ एका जागी मळलं जातं, बायका ते घरी नेऊन लाटतात आणि परत आणलेला पापड तपासून घेतला जातो. म्हणून कुठलंही पाकीट फोडा, चव तीच.

तेव्हा करणाऱ्या मैत्रिणींनो, तुम्हालाही एक विनंती. पिशवीवर आत काय आहे ते लिहा, केल्याची तारीख लिहा, वजन लिहा. खाद्यपदार्थांची सरकारी नोंदणी करून घ्या. २०११ पासून अन्न सुरक्षा कायदा लागू आहे, आणि घरगुती धंद्याला मोठा परवाना नव्हे, साधी नोंदणी पुरते. बचत गटातून 'माविम' किंवा 'उमेद'च्या ताईंना विचारा, त्या रस्ता दाखवतील. आणि सगळ्यात आधी पिशवीवर तुमचं नाव घाला. 'अमुक महिला बचत गट' एवढंच नको. करणारीचं नाव आणि गावाचं नाव. बाई, इतकी वर्षं आपण नवऱ्याच्या नावाच्या पाटीमागं राहिलो, निदान आपल्या मसाल्यावर तरी आपलं नाव येऊ द्या की!

आणि घेणाऱ्यांनी? उपकार म्हणून काही घेऊ नये. आवडलं तर भाव न पाडता घ्यावं, नाही आवडलं तर तोंडावर सांगावं. म्हणजे पुढच्या वेळी चव सुधारेल. संक्रांतीच्या वाणाला प्लॅस्टिकच्या वाट्या वाटण्यापेक्षा येसराच्या, चटणीच्या पुड्या वाटता येतात. दिवाळीच्या फराळाची ऑर्डर नवरात्रातच देऊन टाकली तर त्या बाईला डाळ-तेल स्वस्तात भरून ठेवता येतं. वर्षातून चार दिवसांच्या प्रदर्शनावर कुणाचं वर्ष निघत नाही. आमच्या गावातल्या दुकानदार भावांनाही सांगणं आहे. मंगळवारी, शुक्रवारी, पौर्णिमेला आणि नवरात्रात तर विचारूच नका, सोलापूरकडून, कर्नाटकातून, तेलंगणातून माणसं येतात. त्यांना इथलंच काहीतरी घरी न्यायचं असतं. दुकानात एक फळी तालुक्यातल्या मालासाठी ठेवा. 'हे कुंथलगिरीच्या खव्याचं' असं खरेपणानं लिहून चार रुपये जास्त लावा. माझी नणंद तरी नक्की देईल, मी तिला ओळखते.

मागच्या आळीतल्या मावशींकडे मी परवा गेले. किलोमागं कापलेले वीस-वीस रुपये पुढं केले. त्यांनी हात मागं घेतला. म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ द्या. पर पुढल्या साली माघातच सांगा, किती पायजेत ते. म्हंजी गहू त्या हिशोबानं भिजवते. न्हाईतर इकायला दारोदार हिंडावं लागतंय बघा."

पाच किलो सांगून आले. त्यातल्या दोन किलो पुण्याच्या.