अनोळखी दारातले गूळपाणी

कुणी सायकलवरून देशोदेशी फिरून आला की आपले प्रश्न ठरलेले असतात. किती किलोमीटर? किती दिवस? वर्तमानपत्रातली बातमीही याच दोन आकड्यांवर उभी असते. मला वाटते, या प्रवासाचा खरा अर्थ इथेच आपल्या हातून निसटतो.

डर्व्हला मर्फी या आयरिश लेखिकेचेच पाहा. दहाव्या वाढदिवसाला त्यांना एक सायकल आणि एक नकाशांचे पुस्तक मिळाले आणि एक दिवस सायकलने भारतात जायचे, असे त्या पोरीने ठरवून टाकले. पण घरी आई अंथरुणाला खिळलेली. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि उमेदीची वर्षे आईची शुश्रूषा करण्यात गेली. १९६२ साली आई वारली. जानेवारी १९६३ मध्ये, युरोप थंडीने गोठलेला असताना, एकतिसाव्या वर्षी बाई एकट्या निघाल्या. युगोस्लाव्हिया, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करीत जुलैमध्ये दिल्लीला पोचल्या. या प्रवासावरचे त्यांचे ‘फुल टिल्ट’ हे पुस्तक १९६५ साली आले. त्यात लक्षात राहतात ती माणसे, मैलांचा हिशेब नव्हे. गंमत म्हणजे अफगाणिस्तानात त्यांच्या तीन बरगड्या मोडल्या, त्या सायकलवरून पडून नव्हे. बसमधल्या प्रवाशांच्या भांडणात बंदुकीचा दस्ता लागून!

सायकलवाला नेहमी गरजवंत असतो, हे त्याचे मोठेपण. त्याला दिवसात चारदा पाणी लागते, अंधार पडायच्या आत आडोसा लागतो, साखळी तुटली तर हात काळे करून घेणारा कुणीतरी लागतो. भाषा येत नसली तरी मागावे लागते. मोटारीच्या काचेआडून देश नुसता दिसतो. सायकलवाल्याला तो दारात उभे करून घेतो. आणि दारात आलेल्या अनोळखी माणसाला समाज कसे वागवतो, यापेक्षा संस्कृतीची मोठी परीक्षा कोणती?

हे भाबडेपण आहे, असे कुणी म्हणेल. जुलै २०१८ मध्ये ताजिकिस्तानात चार विदेशी सायकलप्रवाशांची हत्या झाली, हे मी विसरलेलो नाही. खुद्द मर्फीबाईंनीही सोबत पिस्तूल घेतले होते. भरवसा ठेवायचा म्हणजे डोळे मिटून घ्यायचे, असे नाही. पण एका क्रूर घटनेवरून साऱ्या देशाची दारे आपल्या मनात बंद करणे, हाही अन्यायच.

आज अडचण वेगळी आहे. मर्फीबाई ज्या वाटेने भारतात आल्या, ती आता पायांच्या बळावर पार होत नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये अटारीची चौकी बंद झाली. डोंगर चढता येतो, शिक्का मिळत नाही.

सीमा आपल्या हातात नाहीत, उंबरठा आहे. गोव्यात रोज इतके परके चेहरे दिसतात की बाहेरचा माणूस म्हणजे गिऱ्हाईक, हे समीकरणच होऊन बसले आहे. खोली किती दिवस, भाडे किती? पाहा, इथेही प्रश्न आकड्यांचेच! पूर्वी दारी आलेल्याला आधी गूळपाणी मिळे, चौकशी मागाहून होई. उद्या एखादा धुळीने माखलेला सायकलवाला आपल्या अंगणापाशी थांबला, तर किती किलोमीटर हे नंतर विचारू. आधी तांब्या पुढे करू.