सूचनेचे नाणे



दिवाळीच्या सुटीपूर्वी आठवीच्या एका विद्यार्थ्याची वही आम्ही जप्त केली. गणिताच्या तासाला तो लांडगे आणि कोंबडीची पिल्ले काढत बसला होता. विचारले तर म्हणाला, "सर, गेमचं कोडं आहे." मोबाईल घरी आणि गेम वहीत! आम्ही सर्वांसमोर रागावलो.

सुटीत वही उघडली. तीन लांडगे, तीन पिल्ले, तराफ्यावर दोघांचीच जागा. कोणत्याही काठावर लांडगे पिल्लांपेक्षा जास्त झाले की खेळ खलास. पाने भरून बाण आणि खोडाखोड. आमच्या आजीचे वाघ, शेळी आणि गवताच्या भाऱ्याचे कोडे आठवले. (कॉलेजचे शिक्षण हिंदीतून झाल्याने आमच्या जिभेवर 'पहेली' आधी येते, सांभाळून घ्यावे.)

मग आम्हीही तो खेळ खेळून पाहिला. 'प्रोफेसर लेटन अँड द क्युरियस व्हिलेज' हा जपानच्या लेव्हल-फाइव्ह कंपनीचा खेळ २००७ साली निन्टेन्डो डीएससाठी निघाला, २०१८ साली मोबाईलवर आला. उंच टोपीवाले प्राध्यापक लेटन व त्यांचा छोटा शिष्य ल्यूक एका अजब गावात सोन्याचे सफरचंद शोधतात. ते ज्याला मिळेल त्याला एका सरदाराची इस्टेट. गावातला जो भेटेल तो माहिती देण्याआधी कोडे घालतो. काही कचेऱ्यांची आठवण झाली! कोड्यांमागे चिबा विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ अकिरा तागो होते. १९६६ साली सुरू झालेली त्यांची कोड्यांची पुस्तके जपानात खूप खपली.

आम्हाला आवडली ती यातली नाण्यांची रीत. प्रत्येक कोड्याला तीन सूचना मिळतात, पण एकेका सूचनेला एक नाणे मोजावे लागते. नाणी दिव्यामागे, भिंतीत, झाडावर लपलेली. ती शोधावी लागतात आणि संपतातही. चुकीचे उत्तर दिले की कोड्याची किंमत घटते. आम्ही पहिल्या तासातच नाणी उधळली. एका कोड्याचे उत्तर तर प्रश्नाच्या वाक्यातच होते. प्रत्येक प्रश्नपत्रिकेवर 'प्रश्न नीट वाचा' असे छापणारे आम्ही!

काही पालकांनी लेखी कळवले आहे की असले सर्वच खेळ घातक आहेत. शाळेत मोबाईलबंदी आहे, ती राहील. रात्री बारापर्यंत खेळणाऱ्या मुलाचे कौतुकही आम्ही करणार नाही. पण ज्या घरात गेम नाही, तिथे गाइड आहे, ट्यूशनच्या नोट्स आहेत, आणि मूल दोन मिनिटे अडले की उत्तर सांगणारे आई-बाबा आहेत. तिथे सूचनेला नाणे लागत नाही. शाळाही निर्दोष नाही. परीक्षेच्या आठवड्यात आमच्याकडेही तयार उत्तरे फळ्यावर उतरवून दिली जातात. त्या विद्यार्थ्याने मात्र एकाच नदीवर नऊ पाने घालवली होती.

म्हणून विश्वस्त मंडळाकडे विनंती केली आहे: शनिवारचा शेवटचा तास कोड्यांसाठी मिळावा. कागद, पेन्सिल, आगकाड्या, एवढाच खर्च. कोडी मराठीत असावीत आणि ती घालायला आजी-आजोबांनी यावे. उत्तर त्या दिवशी सांगायचे नाही.

वही आम्ही परत केली, वर्गासमोरच, आणि चूक आमची होती हेही सांगितले. मागच्या पानावर आजीचे कोडे लिहून दिले होते. दुसऱ्या दिवशी उत्तर आले: सात फेऱ्या. खाली त्याने लिहिले होते, "सर, लांडग्यांना अकरा लागतात. तुमचे झाले का?"