घड्याळाचे माप

लग्नात जावयास भारी घड्याळ देण्याचा प्रघात आपल्या व्यापारी समाजात वाढत आहे, आणि ‘मोठेच घ्या’ हा आग्रह बहुधा पाहणाऱ्यांचा असतो. रोलेक्सचे ‘एक्सप्लोरर’च पाहा. एव्हरेस्ट सर झाले त्याच १९५३ साली हे नाव बाजारात आले. २०१० पासून ते ३९ मिलिमीटरचे होते. २०२१ साली कंपनीने ते पुन्हा पूर्वीच्या ३६ वर आणले व २०२३ साली त्याच्या जोडीस ४० चे काढले. दोहोंत यंत्र एकच, ३२३० क्रमांकाचे; पूर्ण भरले की सुमारे ७० तास चालते. मोठ्याची किंमत मात्र अधिक. ती कशाची? चार मिलिमीटर रुंदीची! पोते फुगलेले दिसले म्हणून आम्ही धान्याला भाव चढवून देत नाही. मग मांडवातील चार नजरांसाठी वधूपित्याने हा भार का सोसावा? रुंद मनगटास ४० शोभते, आमच्यासारख्या साठी उलटलेल्यांना त्यावरील काटेही चटकन दिसतात, हे खरे. पण नवरदेवाचे मनगट सडपातळ असेल तर पट्ट्याची टोके बाहेर डोकावतात. तेव्हा खरेदीस जावयाला बरोबर न्यावे, आणि सदऱ्याची बाही खाली ओढून दोन्ही घालून पाहावीत.