‘बघून सांगते’ म्हणायचा हक्क

रात्रीचे साडेअकरा. होस्टेलच्या खोलीत दिवा बंद, मोबाइल चालू. स्क्रीनवर घड्याळ उलटं धावतंय, ‘सेल संपायला फक्त ९ मिनिटं!’ तुम्ही घाईघाईत बूट मागवता. पाच दिवसांनी खोकं उघडता, तर काळ्याऐवजी तपकिरी बूट. ॲप म्हणतं, ‘या वस्तूला रिटर्न नाही’. रूममेट म्हणतो, ‘जाऊ दे ना, ७९९ तर होते.’ विषय संपला.

तो तिथे संपू नये, म्हणून हा प्रपंच. कारण ‘नो रिटर्न’ हे कंपनीचं धोरण आहे, कायदा नव्हे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली २०२०मध्ये ई-कॉमर्सचे नियम आले. वस्तू सदोष निघाली, बनावट निघाली, जाहिरातीत दाखवली तशी नसली किंवा सांगितलेल्या तारखेनंतर आली, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. उशीर आवाक्याबाहेरच्या संकटामुळे झाला असेल, तर गोष्ट वेगळी. तपकिरी बूट या नियमात चोख बसतात.

पण बूट काळेच आले, दोषही नाही, फक्त पायात घातल्यावर आवडले नाहीत, तर? इथे आपला कायदा गप्प आहे. मग सगळं कंपनीच्या मर्जीवर. युरोपीय संघात मात्र ऑनलाइन घेतलेली बहुतेक खरेदी १४ दिवसांत, कुठलंही कारण न देता रद्द करता येते. मापानुसार खास बनवून घेतलेल्या वस्तूंसारखे काही अपवाद आहेत, एवढंच.

हे लाड नव्हेत. तुळशीबागेत आपण कापड हाताला लावून बघतो, उजेडात धरतो आणि ‘बघून सांगते’ म्हणत सरळ पुढच्या दुकानात जातो. ऑनलाइन खरेदीत ही सोय नाही, तिथे आधी पैसे आणि मग वस्तू. दुकानात आपल्याला आपोआप मिळणारी संधी तिकडच्या कायद्याने १४ दिवसांच्या रूपात परत दिली. आपल्याकडे का नको?

बुटांचं एक वेळ सोडा. खरी गरज ऑनलाइन कोर्सेसच्या बाबतीत आहे. ‘आजच ॲडमिशन घेतलीत तर निम्मी फी’ असा फोन येतो, बाबा घाबरून हो म्हणतात, हप्ते सुरू होतात. दुसऱ्याच आठवड्यात कळतं, हा कोर्स आपल्यासाठी नाही. अशा वेळी विनादंड बाहेर पडायची ठरावीक मुदत कायद्यातच हवी. फोनवरच्या दडपणाखाली दिलेला होकार थंड डोक्याने तपासायला चार दिवस मागणं, यात गैर काय?

अर्थात हक्क मागणाऱ्याचे हातही स्वच्छ हवेत. गॅदरिंगला टॅग आत दुमडून कुर्ता मिरवायचा आणि दुसऱ्या दिवशी ‘साइज बरोबर नाही’ म्हणून परत पाठवायचा, ही हुशारी नव्हे. त्याचा फटका एखाद्या छोट्या विक्रेत्याला बसतो, आणि ‘ग्राहकच लबाड’ म्हणायला कंपन्यांना निमित्त मिळतं.

तोवर जे हातात आहे, ते तरी वापरा. मागवताना वस्तूच्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या, खोकं उघडताना व्हिडिओ काढा. ॲपवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव असणं बंधनकारक आहे. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायला हवा. नाही दिला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. तरीही दाद नाही लागली, तर जिल्हा ग्राहक आयोग. कंपनी बंगळुरूची असो की गुरुग्रामची, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही.

‘७९९ तर होते’ असं आपण प्रत्येक जण म्हणतो, म्हणून तर ‘नो रिटर्न’ची पाटी टिकून आहे. पुढच्या वेळी रूममेट ‘जाऊ दे’ म्हणाला, तर त्याच्याच समोर १९१५ला फोन लावा.