भूगोलाची पदवी : गुणांसाठी की मातृभूमीसाठी?

बारावीचा निकाल लागतो आणि कला शाखेकडे वळलेल्या विद्यार्थ्यापुढे पदवीसाठी मुख्य विषय कोणता घ्यावा, असा प्रश्न उभा राहतो. अशा वेळी त्याला एक ठरावीक सल्ला मिळतो. 'भूगोल घे. नकाशे आणि आकृत्या काढल्या की गुण भरपूर पडतात. शिवाय स्पर्धा परीक्षेला उपयोगी येतो.' सल्ला देणाऱ्यांचा हेतू शुद्ध असतो आणि सल्ल्यात खोटेही काही नसते. परंतु ज्या विषयाच्या नावातच भूमी आहे, त्याच्या निवडीमागे भूमीचा विचार औषधालाही नसावा, ही गोष्ट कोणत्याही स्वतंत्र राष्ट्राला भूषणावह नाही.

हा प्रश्न आता अधिक निकडीचा झाला आहे. २०२० मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी महाराष्ट्रातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सुरू झाली. पदवीचा चौकटबंद सांगाडा त्यामुळे सैल झाला. मुख्य विषयाच्या जोडीला दुय्यम विषय, कौशल्य अभ्यासक्रम, भारतीय ज्ञानप्रणाली, क्षेत्रप्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण यांना श्रेयांकांसह स्थान मिळाले. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते, अथवा चौथे वर्ष संशोधनाला देता येते. पदवीची आखणी करण्याचे एवढे स्वातंत्र्य अभ्यासमंडळांना, महाविद्यालयांना आणि खुद्द विद्यार्थ्याला पूर्वी कधी नव्हते. जुन्याच प्रश्नपत्रिकांना नवी नावे देऊन ते वाया घालवायचे, की त्यातून स्वतःची भूमी ओळखणारी पिढी घडवायची, याचा निर्णय आता व्हायला हवा.

नकाशा कोणाच्या हाती?

प्लासीच्या लढाईनंतर अवघ्या दहा वर्षांनी, १७६७ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीने भारताच्या सर्वेक्षणाची व्यवस्था उभी केली. ज्या भूमीवर राज्य करायचे, तिचा सारा वसूल करायचा आणि तिच्यावरून सैन्य न्यायचे, ती आधी मोजली पाहिजे, हे व्यापारी म्हणून आलेल्या राज्यकर्त्यांना पुरते उमगले होते. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासेत त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रारंभ केला. पुढे जगातील सर्वोच्च शिखराची उंची निश्चित करणारे गणित राधानाथ सिकदर यांनी केले; शिखराला नाव मात्र १८६५ मध्ये जॉर्ज एव्हरेस्ट यांचे मिळाले. कुमाऊंच्या मिलम गावचे शिक्षक नैनसिंह रावत यात्रेकरूच्या वेषात तिबेटमध्ये शिरले. एकशे आठऐवजी शंभर मण्यांच्या जपमाळेवर पावले मोजत १८६६ मध्ये ते ल्हासाला पोहोचले. बुद्धी भारतीयांची, पाय भारतीयांचे आणि नकाशा परक्यांचा, असा तो काळ होता.

स्वातंत्र्यानंतर तरी हे भान सर्वत्र जागे झाले का? सियाचीनचे उदाहरण बोलके आहे. १९४९ च्या कराची करारात युद्धविराम रेषा एनजे ९८४२ या बिंदूपर्यंत आखली गेली आणि 'तेथून उत्तरेस हिमनद्यांकडे' असे मोघम शब्द लिहून पुढचा प्रदेश सोडून देण्यात आला. काही काळाने अमेरिकी नकाशांत तोच बिंदू सरळ रेषेने काराकोरम खिंडीला जोडलेला दिसू लागला. म्हणजे एकही गोळी न झाडता सियाचीन कागदावर पाकिस्तानच्या बाजूला गेला. एका जर्मन साहसवीराकडील नकाशात ही रेषा कर्नल नरेंद्र कुमार यांच्या लक्षात आली. १९७८ मध्ये त्यांनी हिमनदीवर मोहीम नेली आणि १३ एप्रिल १९८४ रोजी 'ऑपरेशन मेघदूत'द्वारे भारतीय सैन्याने तेथे पाय रोवले. एका अधिकाऱ्याला नकाशा डोळसपणे वाचता येत होता, म्हणून सीमेवरचा धोका वेळीच कळला. भूगोलाला 'सोपा विषय' म्हणणाऱ्यांनी या घटनेचा विचार करावा.

२०२१ मध्ये केंद्र सरकारने भू-अवकाशीय माहितीविषयी नवी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. भारतीय व्यक्तींना आणि संस्थांना स्वतःच्याच देशाचे नकाशे तयार करण्यासाठी जे परवाने मागावे लागत, त्यांतून त्यांची मुक्तता झाली. ठरावीक मर्यादेपेक्षा सूक्ष्म मोजणीचा अधिकार भारतीयांपुरता राखण्यात आला. २०२२ मध्ये राष्ट्रीय भू-अवकाशीय धोरणही आले. दार उघडले आहे. परंतु त्यातून आत शिरण्यास योग्य मनुष्यबळ विद्यापीठांतून बाहेर पडते का, हा खरा प्रश्न आहे.

तिसरीनंतर हरवलेला जिल्हा

महाराष्ट्रातील मूल इयत्ता तिसरीत परिसर अभ्यासाच्या पुस्तकातून आपल्या जिल्ह्याची ओळख करून घेते. जिल्ह्यातील नद्या, डोंगर, पिके, तालुके त्याला तोंडपाठ होतात. त्यानंतर तो जिल्हा जणू हरवतो. २०१८ मध्ये आलेल्या दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकात भारत आणि ब्राझील यांचा तुलनात्मक अभ्यास आहे. तुलना वाईट नाही; दुसऱ्याला पाहिल्यावर स्वतःची ओळख पक्की होते. पण आठव्या वर्षी शिकलेला जिल्हा अठराव्या वर्षी अधिक प्रगल्भ दृष्टीने पुन्हा भेटायला हवा, तो भेटत नाही.

पदवीच्या वर्गात तर जर्मनी आणि शिकागो येऊन बसतात. फॉन थ्यूनेन यांचा १८२६ चा शेतीविषयक सिद्धांत, दक्षिण जर्मनीतील वस्त्यांवरून ख्रिस्टॉलर यांनी १९३३ मध्ये मांडलेला मध्यवर्ती स्थानांचा सिद्धांत, शिकागोवरून बर्जेस यांनी काढलेली नगररचनेची वर्तुळे, हे सारे आकृत्यांसह पाठ होते. हे सिद्धांत शिकवू नयेत, असे कोणी म्हणणार नाही. ज्ञान कोठूनही यावे, ही या देशाची परंपराच आहे. परंतु ख्रिस्टॉलर यांची षट्कोनी आकृती काढणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या तालुक्यातील आठवडे बाजारांचा नकाशा कधी काढलेला नसतो. कोणत्या गावी कोणत्या वारी बाजार भरतो, लगतच्या गावांचे वार वेगळे का, व्यापारी गाव बदलत आठवडा कसा पुरा करतो, हे पाहिले तर तोच सिद्धांत जिवंत होईल. कदाचित अपुराही ठरेल. बर्जेस यांची वर्तुळे पुण्याच्या पेठांवर ठेवून पाहिली, तर ती कोठे बसतात आणि कोठे बसत नाहीत, हे विद्यार्थी स्वतःच सांगू शकेल.

हा केवळ अभिमानाचा प्रश्न नाही, तो जीवितांचा आहे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण डोंगराखाली गाडले गेले. जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यात तळिये गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी गेली. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे दुर्घटनेनंतर शासनानेच विधिमंडळात सांगितले. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना भूगोल शिकवणारी महाविद्यालये आहेत. 'भूस्खलनाची कारणे सांगा' या प्रश्नाचे उत्तर त्यांतील विद्यार्थी वर्षानुवर्षे लिहीत आले आहेत. त्या उत्तरपत्रिकांऐवजी दरवर्षी दहा वाड्यांच्या माथ्यावरील उतार, मातीचा थर, जमिनीतील भेगा आणि पाण्याच्या वाटा यांची नोंद झाली असती आणि ती तहसील कार्यालयात पोहोचली असती, तर शासनाच्या याद्या अधिक परिपूर्ण झाल्या नसत्या काय?

चार वर्षांची आखणी

पदवीची आखणी भूमीपासून सुरू झाली पाहिजे. पहिले वर्ष तालुक्याचे असावे. सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० प्रमाणाचा स्थलनिर्देशक नकाशा हाती घेऊन विद्यार्थ्याने तो प्रत्यक्ष जमिनीवर ताडून पाहावा. समोच्च रेषा जेथे दाटतात तेथे चढताना लागलेला दम कोणत्याही व्याख्येपेक्षा अधिक शिकवतो. महाविद्यालयाच्या आवारात पर्जन्यमापक असावा आणि त्याची रोजची नोंद प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांनी ठेवावी. सध्या क्षेत्रभेट म्हणजे बहुधा सहल असते. बस निघते, छायाचित्रे निघतात आणि मागील वर्षीचा अहवाल नव्या मुखपृष्ठासह सादर होतो. हा प्रकार अभ्यासमंडळांनीच बंद करावा.

दुसरे वर्ष मोजणीचे आणि साधनांचे असावे. सुदूर संवेदन आणि भौगोलिक माहिती प्रणाली यांना आता पर्याय नाही. इस्रोचे 'भुवन' २००९ पासून उपलब्ध आहे, क्यूजीआयएससारखी संगणक प्रणाली विनामूल्य मिळते. तेव्हा 'निधी नाही' ही सबब पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही. मात्र कळ दाबून रंगीत नकाशा काढणे म्हणजे भूगोल नव्हे. भारताची किनारपट्टी ७,५१६ किलोमीटर असल्याचे पिढ्यानपिढ्या पाठ केले गेले. गृह मंत्रालयाच्या २०२३-२४ च्या अहवालात तीच ११,०९८ किलोमीटर दिली आहे. समुद्र वाढला नाही. मोजणीचे प्रमाण सूक्ष्म झाले, तेव्हा खाड्यांची आणि वळणांची लांबी हिशेबात आली. असे का घडते, हे ज्याला उलगडून सांगता येईल, त्याला प्रमाण समजले असे म्हणावे. यासाठी दुय्यम विषय निवडताना संख्याशास्त्र, संगणकशास्त्र, अर्थशास्त्र अथवा भूशास्त्र यांचा विचार व्हावा. कला शाखेत आलो म्हणजे गणितातून सुटलो, ही समजूत मनातून काढून टाकावी. ज्याचा ओढा इतिहासाकडे आहे, त्याने कौशल्य अभ्यासक्रमात मोडी लिपी शिकावी. जुन्या दप्तरांत गावांची, शिवारांची आणि पाण्याची माहिती पडून आहे.

तिसरे वर्ष कामाचे असावे. प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणासाठी नगरपालिकेचा आपत्ती व्यवस्थापन कक्ष, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, भूमी अभिलेख कार्यालय, नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र अशी कितीतरी ठिकाणे आहेत. २०२७ च्या जनगणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली. २०११ नंतरच्या या पहिल्या जनगणनेतून जी आकडेवारी हाती येईल, तिचा गाववार अर्थ लावण्याचे काम भूगोलाच्या विद्यार्थ्याचे नाही तर कोणाचे? चौथ्या वर्षी एका विद्यार्थ्याने एका ओढ्याचे पाणलोट क्षेत्र घ्यावे आणि त्याविषयीचा प्रबंध मराठीतून लिहून ग्रामसभेपुढे वाचावा. विद्यापीठाच्या परीक्षकाइतकाच तेथील वृद्ध शेतकरीही त्याची परीक्षा घेईल.

गौरवाला मोजपट्टीची जोड

भारतीय ज्ञानप्रणालीच्या अभ्यासपत्रिकेबाबत विशेष दक्षता हवी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पाऊस मोजण्याचे कुंड आहे. अश्मक, अवंती आदी प्रदेशांची पर्जन्यमाने तेथे वेगवेगळी दिली आहेत. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील दकार्गल हा अध्याय वृक्ष आणि वारुळे यांच्या खुणांवरून भूगर्भातील पाण्याचा शोध कसा घ्यावा, हे सांगतो. बारा ज्योतिर्लिंगे, चार धाम, नर्मदा परिक्रमा, पंढरीची वारी यांनी सामान्य माणसाला पायी चालत देश दाखवला. हा वारसा थोर आहे. परंतु त्याची केवळ स्तुतिस्तोत्रे पाठ करून घेतली, तर पूर्वी जर्मन सिद्धांतांचे जे झाले तेच या वारशाचे होईल. तोही पाच गुणांची टीप बनेल.

वराहमिहिराचा खरा सन्मान करायचा असेल, तर त्याने सांगितलेल्या खुणा तालुक्यातील पन्नास विहिरींजवळ शोधाव्यात, पाण्याची खोली मोजावी आणि कोणती खूण खरी ठरते, कोणती ठरत नाही, हे निर्भयपणे लिहावे. ज्या पूर्वजाने निरीक्षणातून शास्त्र रचले, त्याच्या वंशजांनी निरीक्षण सोडून केवळ अभिमान बाळगणे हा त्याचा सन्मान नव्हे.

पालकांची चिंता उपजीविकेची असते आणि ती रास्त आहे. नगररचना, पीकविमा, जलसंधारण, नकाशानिर्मिती, आपत्ती व्यवस्थापन या क्षेत्रांत भूमी जाणणाऱ्या आणि नकाशा करू शकणाऱ्या पदवीधराला वाव आहे. केवळ टिपणे पाठ केलेल्याला नाही. स्पर्धा परीक्षेस बसणाऱ्याचाही यात तोटा नाही. उद्या तहसीलदाराच्या खुर्चीवर बसणाऱ्याने विद्यार्थिदशेत एक ओढा उगमापासून संगमापर्यंत चालून पाहिला असेल, तर पूररेषेच्या कागदावर सही करताना त्याचा हात क्षणभर थांबेल.

राष्ट्रगीतात विंध्य, हिमाचल, यमुना, गंगा ही नावे येतात. ती ऐकून ऊर भरून येणे स्वाभाविक आहे. पण भरून आलेल्या उरावर नदी वाहती राहत नाही आणि डोंगरही थोपून धरता येत नाही. त्यासाठी नदीची पातळी आणि डोंगराचा उतार मोजणारे हात हवेत. असे हात घडवणारा पदवी अभ्यासक्रम आखण्याची मुभा आज मिळालेली आहे. येत्या जूनमध्ये अभ्यासमंडळे, प्राचार्य आणि विद्यार्थी यांनी तिचा उपयोग करावा. महाविद्यालयाच्या अंगणात पर्जन्यमापक बसवून या कार्याचा आरंभ करण्यास कोणाच्याही परिपत्रकाची वाट पाहावी लागणार नाही.