पोस्टानं आलेलं पिस्तूल आणि कलेक्टर कचेरीतली फाईल

गेल्या उन्हाळ्यात कळंब तालुक्यातल्या एका लग्नात पंगतीआधी गप्पा रंगल्या होत्या. एका जुन्या वतनदार घराण्यातले वयस्कर गृहस्थ सांगत होते, "आमच्या आजोबांची बारा बोअर मुंबईच्या दुकानातून पार्सलनं आली होती. बार्शी लाईटच्या गाडीतून. नुसतं पत्र टाकलं, पैसे पाठवले, बंदूक दारात! कुणाला कसली भीती नव्हती त्या काळात." ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. किती सुखाचे दिवस होते ते, असा सगळ्यांचा सूर.

मी गप्प राहिलो. लग्नघर होतं आणि यजमान आमचे स्नेही होते. पण त्या दिवशी जे बोललो नाही ते इथं लिहितो, कारण पार्सलनं हत्यार आमच्याही घरी आलं होतं.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना मारल्याची बातमी आमच्या वस्तीत आली तेव्हा मी तिसरीत होतो. आमच्या गावात कुणाचं घर जळलं नाही. पण किराणा बंद झाला, सालगड्यांना घरी बसवलं गेलं, रात्री वस्तीच्या पलीकडून आरोळ्या यायच्या. बाया-पोरांना समाजमंदिरात निजवून पुरुष काठ्या घेऊन जागल करायचे. काठ्या म्हणजे तरी काय, खाटेचे गात आणि पाभरीच्या दांड्या.

अशात अण्णांच्या हाती एका हिंदी मासिकाचं पान लागलं. कशाचा तरी पुडा बांधून आलेलं. त्या काळात मासिकं ज्यांनी वाचली आहेत त्यांना या जाहिराती आठवतील. ट्रान्झिस्टर, घड्याळ, केस वाढवायचं तेल, आणि त्यांच्याच रांगेत पिस्तूल. 'लायसन्सची गरज नाही. चोर-दरोडेखोर आणि हिंस्र जनावरांपासून संरक्षण. व्ही.पी.पी.ने मागवा.' खाली उत्तरेतल्या कुठल्या तरी शहराचा पत्ता. चित्रातलं पिस्तूल इन्स्पेक्टरच्या कमरेला शोभावं असं.

वस्तीनं वर्गणी काढली. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडून आलेले पैसे होते ते. कार्ड गेलं. दसऱ्याच्या आठ दिवस आधी पोस्टमननं वस्तीच्या तोंडाशी उभं राहून हाक मारली. व्ही.पी.चा नियम असा की आधी पैसे मोजायचे, मग पार्सल हातात. अण्णांनी पैसे मोजले, सही केली, समाजमंदिरात नेऊन दोरा तोडला. आत पत्र्याचं पिस्तूल होतं आणि टिकल्यांच्या दोन डब्या. दिवाळीत पोरं फोडतात त्या टिकल्या. कुणी काही बोललं नाही. अण्णांनी ते पुन्हा कागदात गुंडाळलं आणि बाहेर येऊन सांगितलं, "माल चांगला हाय."

मोठेपणी त्यांना विचारलं तेव्हा म्हणाले, "खोटं हाय हे आपल्याला ठावं. त्येंना कुठं ठावं?"

पण पोस्टमननं गावात जाऊन सांगायचं ते सांगितलं. दोनच दिवसांत गावभर झालं, महारवाड्यात बंदूक आली. ज्या ठाण्यातून दोन महिन्यांत एक शिपाई आमच्या जागलीची चौकशी करायला आला नव्हता, तिथून त्या एका अफवेवर जीप आली. "काय रं, बंदुका मागवतो व्हय?" अण्णांनी निमूटपणे कागद पुढं केला. साहेबांनी टिकली लावून चाप ओढला. टक्. शिपाई हसले. हसून झाल्यावर पंचनामा केला आणि ते खेळणं जप्त करून नेलं. ते का मागवावं लागलं, एवढा एकच प्रश्न कुणी विचारला नाही.

त्याच आठवड्यात दसरा होता. वेशीबाहेर शिलंगणाला गावची शस्त्रं निघाली. पूजा झाली आणि वाड्यावरच्या दुनळीतून दोन बार काढले गेले, हवेत. ठाण्याची माणसं बंदोबस्ताला तिथंच उभी होती. आम्ही समाजमंदिरात धम्मचक्र प्रवर्तन दिनाची वंदना घेत होतो, ते दोन्ही बार आम्हाला ऐकू आले. ऐकू यावेत म्हणूनच ते काढले होते.

आता त्या गृहस्थांच्या "कुणाला कसली भीती नव्हती" या वाक्याकडे येऊ. ज्याच्या हातात दुनळी त्याला भीती नव्हती, हे खरंच आहे. पार्सल कुणाच्या दारात उतरायचं हे टपालखातं ठरवत नव्हतं, जात ठरवत होती. १८७८ चा हत्यार कायदा इंग्रजांनी केला, त्यात युरोपियनांना सूट आणि बाकीच्यांना परवाना. १८९१ साली 'आर्मी अँड नेव्ही'चं दुकान मुंबईत उघडलं. साहेबानं जाडजूड कॅटलॉग चाळावा, आकडा लिहून पाठवावा आणि शिकारीच्या बंदुकीपासून तंबूपर्यंत सगळं बंगल्यावर यावं. नेमक्या त्याच सुमाराला, १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला, ज्या महारांनी पिढ्यान्‌पिढ्या बॉम्बे आर्मीत बंदूक खांद्यावर वागवली त्यांची भरती इंग्रजांनी बंद केली. लढाऊ जाती आणि बिगरलढाऊ जाती असं नवं शास्त्र काढून. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज केला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ ला महारांची पलटण उभी केली आणि काम भागल्यावर १९२१ ला मोडली. महार रेजिमेंट उभी राहायला १ ऑक्टोबर १९४१ उजाडावा लागला. त्याच वर्षी फेब्रुवारीत बाबासाहेब आपल्या जिल्ह्यात कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषदेला आले होते.

आपला जिल्हा तेव्हा निजामाचा. कायदा वेगळा, पण हत्यार वाड्यावरच. सप्टेंबर १९४८ नंतर निजाम गेला, वाडा राहिला. मनुस्मृती शस्त्र धरण्याची परवानगी देते ती द्विजांना. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये विचारलं की या देशात सामाजिक क्रांती का झाली नाही. शस्त्र नाही, शिक्षण नाही, म्हणून उठता आलं नाही, असं त्यांचं उत्तर होतं. मेकॉलेच्या शाळेनं निदान शिक्षणाचं दार किलकिलं केलं. दुसऱ्या दाराची किल्ली अजून त्याच घराण्यांच्या कमरेला आहे.

अमेरिकेतही पोस्टानं येणाऱ्या रायफलींच्या आठवणी काढून गहिवरणारे पुष्कळ आहेत. तिथं खरोखरच मासिकातलं कूपन कापून पाठवलं की रायफल घरी यायची. ली हार्वी ओस्वाल्डनं मार्च १९६३ मध्ये खोट्या नावानं शिकागोच्या दुकानातून अशीच एक मागवली आणि नोव्हेंबरात अध्यक्ष केनेडींचा खून झाला. पाच वर्षांनी, १९६८ ला, टपालानं बंदूक विकणं कायद्यानं बंद झालं. पण या आठवणींमध्ये एक माणूस कधी नसतो. १९५६ साली मॉन्टगोमेरीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला, तेव्हा त्यांनी शस्त्र बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला आणि तो नाकारला गेला. बॉम्ब ज्याच्या घरावर पडला त्याला परवाना नाही! आणि १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथर कायद्याच्या चौकटीत राहून बंदुका घेऊन रस्त्यावर उतरले, तेव्हा गव्हर्नर रेगन यांच्या सहीनं भरलेली बंदूक उघडपणे बाळगण्यावर बंदी आली. त्या पँथरांचं नाव १९७२ ला आपल्या पोरांनी मुंबईत का घेतलं, हे वेगळं सांगायला नको.

इथं आपल्यातलेच काही मित्र भुवया उंचावतील. बुद्धाच्या मार्गावरची माणसं आपण, बंदुकीची भाषा कशाला? आक्षेप खरा आहे आणि तो टाळून पुढं जाता येणार नाही. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क द्यावा अशी दुरुस्ती मांडली. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात तो हक्क होताच. बाबासाहेबांनी ती दुरुस्ती मानली नाही. असा सरसकट हक्क गुन्हेगारालाही मिळेल, त्यावर राज्याचं नियंत्रण हवं, हा त्यांचा मुद्दा. मला तो पूर्ण पटतो. खेड्यात सगळ्यांना बंदुका मिळाल्या तर आधी कुणाकडे येतील आणि कुणावर चालतील, हे बाबासाहेबांना सांगायला कुणाची गरज नव्हती.

पण त्या नकाराची दुसरी बाजू अशी की शस्त्र राज्याकडं ठेवायचं ते राज्यानं राखण करावी म्हणून. राज्यानं राखण करायची नाही आणि वाड्यावरची दुनळीही तशीच ठेवायची, असा तो सौदा नव्हता.

आणि हे कायद्यात लिहिलेलं आहे. १९८९ च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली १९९५ ला नियम झाले. त्यातला नियम ३ आपल्या कार्यकर्त्यांपैकी किती जणांनी वाचलाय? अत्याचार होण्याची शक्यता असलेलं क्षेत्र शासनानं आधी ओळखायचं. तिथं गरज असेल तर दलित-आदिवासी नसलेल्यांचे, त्यांच्या नातेवाइकांचे, नोकरांचे आणि मित्रांचेसुद्धा शस्त्रपरवाने रद्द करून हत्यारं सरकारी शस्त्रागारात जमा करायची. बेकायदा हत्यारं जप्त करायची. आणि गरज असेल तर अनुसूचित जाती-जमातीच्या माणसांना परवाने द्यायचे. हे मागणीपत्रक नाही, भारत सरकारचा नियम आहे. भरपाईच्या चेकसाठी आपण समाजकल्याणच्या पायऱ्या झिजवतो, पण तो चेक माणूस मेल्यावरचा. नियम ३ माणूस जिवंत असतानाचा आहे आणि नेमका तोच कुणी उघडत नाही.

१९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम १४ म्हणतं की केवळ पुरेशी मालमत्ता नाही म्हणून परवाना नाकारता येणार नाही. प्रत्यक्षात कागद मागतात ते सातबारा, आयकराचे, बंगल्याचे. कलम १३ पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देतं. रानडुकरापासून ज्वारी वाचवायला बंदूक! चांगलं आहे, शेतकऱ्याला मिळायलाच हवी. पण ज्यानं चाळीस वर्षं गायरान कसलं आणि ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्याचं पीक कायद्याच्या डोळ्याला दिसत नाही. त्याच्या उभ्या पिकात जनावरं घालणारा मात्र कमरेला लावून फिरतो.

अतिशयोक्ती वाटत असेल तर शेजारच्या बीडकडं बघा. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाल्यावर जगाला कळलं की त्या एका जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने आहेत. वरातीत नाचताना, वाढदिवसाला हवेत बार काढताना लोकांनी स्वतःच व्हिडिओ टाकले होते. त्यानंतर तपासणी झाली, अनेक परवाने रद्द झाले. म्हणजे रद्द करता येत होते. इतकी वर्षं प्रशासनाचा हात कुणी धरला होता? आणि हा खून गाजला नसता तर?

मी परवाना मागत नाही. अण्णांच्या पत्र्याच्या पिस्तुलाची जागा खऱ्या पिस्तुलानं घ्यावी असंही मला वाटत नाही. मला आधी समोरचं हत्यार खाली ठेवलेलं बघायचंय आणि ते कुणी, कधी, कुठल्या हुकुमानं ठेवलं हे कागदावर हवंय. म्हणून माहिती अधिकारात अर्ज केला आहे, दीडशे शब्दांत बसवून. धाराशिव जिल्ह्यात आज तालुकावार किती शस्त्रपरवाने आहेत? त्यांपैकी अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींकडे किती? १९९५ पासून नियम ३ खाली अत्याचारप्रवण म्हणून कोणती गावं ओळखली? तिथले किती परवाने रद्द केले? जिल्हा दक्षता समितीची बैठक नियमाप्रमाणं दर तीन महिन्यांना झाली का, आणि त्यात शस्त्रपरवान्यांचा विषय किती वेळा निघाला?

दहा रुपयांचा स्टँप लावून अर्ज दिला, पोच घेतली. तीस दिवस पुढच्या आठवड्यात संपतात. बीड, लातूर, नांदेडच्या साथींनी हेच प्रश्न जिल्ह्याचं नाव बदलून टाकावेत. उत्तर आलं की इथं जसंच्या तसं छापीन, नाही आलं तर पहिल्या अपिलाची प्रत छापीन.

जय भीम.